मॉर्गन डॉलरचा वर्षवार संच: एमएस-६३ की ६४?

नाणेवेडा
नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या मॉर्गन डॉलरचा वर्षवार संच, म्हणजे दर वर्षाचं एक नाणं, जमवायचा आहे. १८७८ ते १९०४ आणि मग एकदम १९२१, अशी २८ वर्षं, २८ नाणी. टांकसाळ कुठलीही चालेल. चलनात झिजलेली नकोत, म्हणजे 'एमएस' (न वापरलेल्या नाण्यांचे ग्रेड, ६० ते ७०) हवीत, आणि सगळी ६५ घेण्याइतका खिसा खोल नाही. म्हणजे उरतात एमएस-६२, ६३ आणि ६४. खरेदी अमेरिकेतच होणार आहे.
सगळी ६३ घ्यावीत की ६४ साठी थांबावं? डबीबंद (ग्रेडिंग कंपनीने तपासून सील केलेली) घ्यावीत की सुटी? आणि कुठली वर्षं रडवतात?

तळ्यात_मळ्यात
पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टांकसाळ
आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पैसे तिथेच जातात.
२८ पैकी वीसेक वर्षं सोपी आहेत. १८७९ ते १८८२ साठी सॅन फ्रान्सिस्कोचं 'एस' घ्या. १८८३ ते १८८५ न्यू ऑर्लिन्सचं 'ओ', १८८६ आणि १८८७ फिलाडेल्फियाचं बिनखुणेचं, १९०१, १९०२ आणि १९०४ पुन्हा 'ओ'. खूण मागच्या बाजूला, माळेच्या गाठीखाली, 'डॉलर' या शब्दाच्या वर असते.
१८९२ पासून चढण लागते. १८९३ चं एकही टांकसाळीचं नाणं स्वस्त नाही, त्यातल्या त्यात फिलाडेल्फियाचं परवडतं. १८९४ ला फिलाडेल्फियाची फक्त १,१०,००० पडली, म्हणून तिथे 'एस' घ्यायचं.
आणि १८९५. त्या वर्षी फिलाडेल्फियाची ८८० प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेली) नाणी तेवढी ठाऊक आहेत. टांकसाळीच्या वहीत आणखी १२,००० साध्या नाण्यांची नोंद आहे, पण तसं एकही कुठे दिसलेलं नाही. उरली 'ओ' आणि 'एस'. 'ओ' न वापरलेल्या स्थितीत जवळपास मिळतच नाही. 'एस' मिळतं, पण ६३ मध्ये उरलेल्या सगळ्या सोप्या नाण्यांची बेरीज ते एकटं खाईल. बरेच जण १८९५ ला हलकं झिजलेलं घेऊन पुढे जातात. त्यात लाज नाही.

खडूस_काकू
१८९५ ची जागा रिकामी ठेवून वर चिठ्ठी लावावी, 'जागा राखीव, जावयासाठी'.

भिंगवाला
६३ की ६४ हा प्रश्न डबीवरच्या आकड्याचा नाही, गालाचा आहे.
मॉर्गनवर लिबर्टीचा, म्हणजे दर्शनी बाजूवरच्या स्वातंत्र्यदेवीचा, गाल हा सगळ्यात मोठा, उघडा आणि उंच भाग. त्यावर ना केस, ना रेघा, त्यामुळे लागलेलं काही लपत नाही. ही नाणी टांकसाळीतून १,००० च्या कॅनव्हासच्या पिशव्यांतून निघत. एक नाणं २६.७३ ग्रॅमचं, म्हणजे पिशवी पावणेसत्तावीस किलोची. ती उचलली, आपटली, एका तिजोरीतून दुसरीत गेली. प्रत्येक वेळी आतली नाणी एकमेकांच्या कडांनी एकमेकांना टोचे मारत राहिली. एकदाही बाजारात न गेलेल्या नाण्याचा गाल देवीचे व्रण असल्यासारखा दिसतो तो यामुळे.
बघायची रीत अशी. खोलीतले बाकीचे दिवे बंद. एकच टेबल-दिवा, उघड्या बल्बचा. ट्यूबलाइटखाली सगळीच नाणी ६४ दिसतात. नाणं कडेने धरून हळूहळू तिरकं फिरवायचं. प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे अखंड फिरले पाहिजेत. प्रथम नुसत्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून. जे तेव्हा खुपतं तेच ग्रेड पाडतं. मग पाच पटींचं भिंग. दहा पटींनी बघितलं तर एकही नाणं पसंत पडणार नाही.
क्रम: गाल, चेहऱ्यासमोरची मोकळी जागा, मग मागच्या बाजूला गरुडाची छाती. केसांतला किंवा माळेतला टोचा माफ. गालाच्या मधोमध असलेला तेवढाच टोचा माफ नाही.
६२ वर टोचे दाटीने असतात, किंवा चकाकी मंद असते. ६३ वर ते मध्यम, त्यात एखाद-दुसरा ठळक. ६४ वर थोडे विखुरलेले, आणि गालावर नजर अडेल असं काही नाही.

एडिसनकर
भिंगवाले, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.
एक भर: फिलाडेल्फिया आणि न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांत कानावरचे केस सपाट दिसतात. नवखा माणूस ते झीज समजून नाणं सोडतो, किंवा उलट, झिजलेलं नाणं 'ठसा कमजोर आहे हो' असं ऐकून घेतो. फरक कसा ओळखायचा?

भिंगवाला
रंग आणि चकाकी. ठसा कमजोर पडला असेल तर त्या सपाट जागी चकाकी असते, आणि नाणं पाडण्याआधी कोऱ्या चकतीवर असलेले बारीक खड्डे तसेच राहिलेले दिसतात. झीज असेल तर ती जागा राखाडी, निस्तेज, आणि फिरता पट्टा तिथे येऊन तुटतो. गालाच्या उंचवट्यावर पट्टा तुटला की ते नाणं एयू-५८ (किंचित वापरलेलं), विकणारा काहीही म्हणो.
न्यू ऑर्लिन्सच्या काही वर्षांत गरुडाच्या छातीवर पिसंच नसतात. १८७९ ते १८८२ च्या 'एस' मध्ये ती मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. म्हणून संचाचं पहिलं नाणं १८८१-एस असावं. चांगला ठसा आणि चांगली चकाकी म्हणजे काय हे डोळ्यात बसतं.

चिंचेचा_कोळ
मला ६२ च्या बाजूने बोलायचंय. सोप्या वर्षांत ६२ आणि ६३ च्या भावात फरक फारसा नसतो, कबूल. पण १८९३, १८९४-एस अशा वर्षांत ६२ घेऊन बराच पैसा वाचतो, आणि अल्बममध्ये दोन हातांवरून कुणाला कळत नाही.

टांकसाळ
असहमत, निदान अर्धा. दोन प्रकारची ६२ असतात. एक, चकाकी चांगली पण टोचे फार. दुसरं, टोचे कमी पण गालावर पुसटशी घासणी, म्हणजे खरं तर ५८ च, ग्रेडिंगवाल्यांनी सांभाळून घेतलेलं. दुसऱ्या प्रकाराला पुढचा गिऱ्हाईक शोधताना नाकी नऊ येतात. पहिला प्रकार घ्या, तो प्रामाणिक आहे.

नाणेवेडा
म्हणजे सगळी एकाच ग्रेडची घेऊ नयेत?

खडूस_काकू
एकाच ग्रेडची घेतली तर संच दिसायला छान, हिशेबाला वाईट. १८८१-एस मध्ये ६३ ते ६४ ची पायरी इतकी छोटी आहे की ६३ घेणं म्हणजे भेळेत शेव वाचवणं. तिथे ६४ घ्या, ६५ सुद्धा परवडेल. उलट १९०१ चं फिलाडेल्फियाचं बघा. जवळजवळ ७० लाख पाडली, म्हाताऱ्या झिजलेल्या स्थितीत ढिगाने मिळतात, आणि ६५ आलं तर लिलावात बातमी होते. १८८४-एस तसंच, १८८६-ओ तसंच. एक कोटीच्या वर पाडलेलं १८८६-ओ चांगल्या ग्रेडमध्ये शोधून दाखवा. अशा नाण्यात ६२ ते ६४ ची एकेक पायरी म्हणजे जिना.
तेव्हा सोपं वर्ष असेल तर ६४, अवघड असेल तर गाल बघून ६३ किंवा ६२. आकडा एकसारखा दिसावा म्हणून कोण पैसे देतं!

रुपया_आणा_पै
काकूंनी विषय काढलाच आहे तर अवांतर. किती पाडली यावरून किती उरली हे मॉर्गनमध्ये अजिबात कळत नाही, आणि त्याचं एक कारण थेट आपल्या मुंबई-कोलकात्याच्या टांकसाळीपर्यंत जातं.
पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लागले. सरकारकडे चांदी पुरेना. १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट काढली, १९१८ ला अडीच रुपयांची. तरी भागेना. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडलेले चांदीचे डॉलर वितळवून ब्रिटनला चांदी विकली, औंसाला एक डॉलर दराने. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले. त्यातले सुमारे २५ कोटी ९१ लाख ब्रिटनच्या वाट्याचे, म्हणजे मुख्यतः आपल्या रुपयासाठी.
हिशेब बघा. एका डॉलरात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. पंचम जॉर्जच्या रुपयात ११.६६ ग्रॅमपैकी १०.६९. म्हणजे एका डॉलरचे सव्वादोन रुपये. मागच्या पाठीवर कमळाखाली ठिपका असलेला, मुंबईचा १९१८ चा रुपया कुणाच्या देव्हाऱ्यात असेल तर त्यात कार्सन सिटीच्या (मॉर्गन पाडणाऱ्या एका टांकसाळीच्या) डॉलरांची चांदी नाही असं छातीठोक सांगता येणार नाही.
मुख्य मुद्दा असा की वितळवताना कुठल्या वर्षाची, कुठल्या टांकसाळीची किती गेली याची नोंदच ठेवली नाही.

गोंयकार
म्हणजे आजीच्या लक्ष्मीपूजनाच्या रुपयात लिबर्टीबाई! भारीच.

एडिसनकर
आणि त्या कायद्यातच वितळवलेल्या डॉलरांच्या जागी अमेरिकन खाणींची चांदी घेऊन नवे पाडायची अट होती. म्हणून १९०४ ला थांबलेला मॉर्गन १९२१ ला परत आला. जुने मूळ ठसे १९१० मध्ये नष्ट केलेले होते, त्यामुळे नवे करावे लागले आणि ते उथळ निघाले. १९२१ चं नाणं शेजारी ठेवलं की चेहरा सपाट वाटतो तो त्यामुळे. फिलाडेल्फियाचीच ४ कोटी ४६ लाख ९० हजार पडली. नाणेवेडासाहेब, १९२१ ला ६४ पेक्षा कमी घेऊ नका, ते सगळ्यात स्वस्त नाणं आहे. या संचात डेन्व्हरचं 'डी' याच एका वर्षी मिळतं, आवडत असेल तर ते घ्या.

टांकसाळ
उलट दिशेचंही उदाहरण आहे. १९०३-ओ १९६२ पर्यंत मॉर्गनमधलं राजेशाही नाणं होतं, किंमतपुस्तकात १,५०० डॉलर. त्या वर्षाच्या शेवटी तिजोरीतल्या सीलबंद पिशव्या उघडल्या आणि त्यातून ते हजारोंनी बाहेर पडलं. भाव कोसळला. १९६४ च्या मार्चमध्ये सरकारने चांदीचे डॉलर देणं थांबवलं तेव्हा मागे कार्सन सिटीची जवळजवळ ३० लाख नाणी उरली होती. ती जीएसए या सरकारी खात्याने १९७२ ते १९८० मध्ये काळ्या डब्यांत घालून टपालाने विकली. १८८४-सीसी ('सीसी' ही कार्सन सिटीची खूण) जितकं पाडलं त्यातलं सुमारे ८५ टक्के या विक्रीत निघालं. म्हणून १८८२, ८३, ८४ ची 'सीसी' पाडली कमी असूनही मधल्या ग्रेडमध्ये आरामात मिळतात. १८८४ ला 'ओ' ऐवजी 'सीसी' घेतलं तर संचाला जरा मिशा फुटतात.
जीएसएच्या मूळ डबीतलं नाणं असेल तर ती डबी फोडू नका. एनजीसी ही ग्रेडिंग कंपनी त्याच डबीला पट्टी लावून ग्रेड देते.

मोडीलिपी
सुटी नाणी घेण्याबद्दल कुणीच बोललं नाही. खोटी किती आहेत माहीत आहे ना?

चिंचेचा_कोळ
आहेत आणि खूप आहेत. पण तपासायला चार साधनं पुरतात.
०.०१ ग्रॅमचा काटा. वजन २६.७३, टांकसाळीची सूट ०.०९७ ग्रॅम. न झिजलेलं नाणं २६.६३ ते २६.८३ च्या बाहेर असेल तर हातातून खाली ठेवा.
कॅलिपर. व्यास ३८.१ मिलिमीटर.
चुंबक, साधं नव्हे, निओडिमियमचं. चांदीला ते चिकटत नाही, पण नाणं ४५ अंशांत तिरकं धरून वरून चुंबक सोडलं तर ते मधात पडल्यासारखं हळू घसरतं. भसकन खाली आलं तर धातू वेगळा.
घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, बुडबुडे झटका. काटा दाखवेल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. खऱ्या नाण्याला २.५८-२.५९ येतो, २६.७३ ला त्याने भागलं की १०.३ च्या वर. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्या-निकेलच्या नाण्याला ३ च्या आसपास येतो. पाणी डिस्टिल्ड घ्या, नंतर नाणं टिपून घ्या, पुसू नका.

मोडीलिपी
हे चांदी खरी आहे का ते सांगतं, नाणं खरं आहे का ते नाही. खऱ्या १८९३ ला वरून 'एस' चिकटवला तर वजन, घनता, चुंबक सगळं पास. १८९३-एस ची सगळी नाणी दर्शनी बाजूच्या एकाच ठशाने पाडली, त्यामुळे 'लिबर्टी'तल्या 'टी' च्या वरच्या भागात एक बारीक उठावदार रेघ असते. ती नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही. खुणेच्या मुळाशी भिंगातून बघा, चिकटवलेल्या अक्षराभोवती फट किंवा रंगबदल दिसतो.

चिंचेचा_कोळ
मान्य. दुरुस्ती स्वीकारली. महाग वर्षं डबीबंदच घ्यावीत.

एडिसनकर
डबीबंद म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांचं. बाकीच्या डब्यांवर ६५ लिहिलेलं असलं तरी आत ६२ समजून भाव करा. डब्याही खोट्या येतात. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो असेल तर गालावरचा एखादा टोचा जुळवा. क्रमांक खरा आणि नाणं दुसरं, हा खेळ नेहमीचा आहे.

खडूस_काकू
फोटोबद्दल एक. विकणारे प्रकाश इतका भडक टाकतात की गालावरचे टोचे धुऊन निघतात. गाल फोटोत पांढराफेक असेल तर तिरकं फिरवलेला व्हिडिओ मागा. दिला नाही तर नमस्कार.
भावासाठी किंमतपुस्तक बघू नका, ते चढं असतं. हेरिटेज या कंपनीच्या लिलावातले प्रत्यक्ष झालेले भाव बघा, त्याच वर्षाचे, त्याच ग्रेडचे, शेवटचे पाच-सहा. खरेदीदाराचा प्रीमियम (लिलाव कंपनीचं वरचं कमिशन) त्यात धरलाय की नाही तेही.

गोंयकार
डबीवरचा हिरवा टिकला काय असतो?

टांकसाळ
सीएसी. आधीच ग्रेड दिलेलं नाणं पुन्हा तपासणारी कंपनी, २००७ पासून. दुसरी नजर. हिरवा म्हणजे त्या ग्रेडमध्ये हे नाणं भक्कम आहे, सोनेरी म्हणजे ग्रेड कमी दिलाय. ६४ वर हिरवा असेल तर भाव चढतो. अवघड वर्षाला द्यावा, १८८१-एस साठी देऊ नये, तिथे तुमचा स्वतःचा डोळा फुकट आहे.

तळ्यात_मळ्यात
काळवंडलेलं सुटं नाणं स्वस्तात मिळालं तर चिंच लावून लखलखीत करता येईल का? चांदीची भांडी तर दिवाळीला तशीच निघतात.

खडूस_काकू
अरे देवा. टोपणनावाचा मान राखून चिंचेचा_कोळ यांनीच उत्तर द्यावं.

चिंचेचा_कोळ
चिंच, राख, दंतमंजन, मऊ फडकं, काहीच नाही. चकाकी ही नाण्याच्या पृष्ठभागावरच्या, पाडताना धातू बाहेर सरकतो तेव्हा उमटलेल्या सूक्ष्म रेघांची असते. घासलं की त्या गेल्या आणि त्यांच्या जागी केसासारखे ओरखडे आले. ग्रेडिंगवाले मग आकडा न देता 'साफ केलेलं' एवढंच लिहून परत पाठवतात. चांदीचे पैसे येतील, नाण्याचे नाही.
डिपिंगचं (नाणं बुडवून उजळवायचं) आम्लही वरचा थर खाऊनच काळेपणा काढतं. जास्त झालं की नाणं पांढरं पण मेलेलं दिसतं.
चालतं ते फक्त ॲसिटोन, तेही जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकट थर आला असेल तर. शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात रंग आणि तेल असतं. काचेच्या दोन वाट्या. पहिलीत पाच-दहा मिनिटं, दुसरीत स्वच्छ ॲसिटोनमध्ये एक बुडी, उभं ठेवून वाळू द्यायचं. खिडकी उघडी, गॅस बंद. काळेपणा याने जात नाही, आणि जायला नकोच.

गोंयकार
आणि आमच्यासारख्या समुद्राकाठच्या हवेत ठेवायचं कसं?

मोडीलिपी
हवाबंद डब्यात सिलिका जेल, रंग बदलला की बदलायचं. रबरबँड, वर्तमानपत्र, लाकडी कपाट या तिघांना लांब ठेवा. पहिल्या दोघांत गंधक असतं, लाकडातून आम्लाची वाफ सुटते. पाकिटं मायलारची (पॉलिएस्टर प्लॅस्टिकची). पुठ्ठ्याच्या चौकटी वापरल्यात तर पिनांचे पाय पक्कडीने चपटे करा, शेजारच्या नाण्याच्या गालावर रेघ त्याच ओढतात.
नाणेवेडासाहेब, तुम्ही अमेरिकेत घेणार म्हणून सांगतो. संच भारतात आणलात तर परत नेण्याच्या भरवशावर राहू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९२१ चंही आता शंभरी पार आहे.

एडिसनकर
आणि तिकडेच विकलंत तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या नाण्याच्या नफ्यावर अमेरिकेत कमाल २८ टक्के कर, शेअरसारखा २० नाही. खरेदीच्या पावत्या जपा.

नाणेवेडा
सगळ्यांचे आभार. मी असं ठरवतोय: १८८१-एस ६४ ने सुरुवात, सोपी वीस ६४ मध्ये, १८९२ ते १८९४ गाल बघून ६२-६३ डबीबंद. १८८४ ला सीसी. १८९५-एस शेवटी, झिजलेलं.
एकच राहिलं. १८७८ ला कुठलं घ्यावं? एकाच वर्षात आठ शेपटीपिसांचं, सात पिसांचं, आठावर साताचं असं काय काय दिसतंय.

टांकसाळ
पहिल्या नाण्यांत गरुडाला आठ शेपटीपिसं होती, मग सात केली, आणि मधल्या काही ठशांत आठांवर सात ठोकल्यामुळे खालची टोकं डोकावतात. वर्षवार संचाला १८७८-एस घ्या. सातच पिसं, ठसा चांगला, ६४ मध्ये मिळतं. पिसं मोजायचा नाद लागला तर तो वेगळा संच आहे.

खडूस_काकू
लागणार. नवा धागा काढावा लागेल.